कानाला खडा

गेल्या वर्षीची, म्हणजे मी बी. ए. प्रथम वर्षाला असतानाची गोष्ट. ऑगस्ट महिना होता. तास संपल्यावर मराठीच्या सरांनी मला वर्गाच्या दाराशी थांबवले आणि काहीतरी विचारले. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, व्हरांड्यात मुलांचा गलका होता आणि सरांचे तोंड हातातल्या हजेरीपटाकडे होते. त्यांच्या वाक्यातला 'भाग' एवढा एकच शब्द मला कळला. आदल्या आठवड्यात त्यांनी निबंधाच्या वह्या मागितल्या होत्या आणि माझ्या निबंधाचा दुसरा भाग द्यायचा राहिला होता. मी मान डोलावली, "हो सर." सरांचा चेहरा उजळला. त्यांनी आणखी काही विचारले. मी पुन्हा म्हणाले, "हो सर."

चार दिवसांनी सूचनाफलकावर वक्तृत्व स्पर्धेत भाग घेणाऱ्यांची यादी लागली. तिसऱ्या क्रमांकावर माझे नाव होते!

मैत्रिणी माझ्याकडे आश्चर्याने पाहू लागल्या. महाविद्यालयात येऊन दीड महिना झाला होता आणि तेवढ्या काळात 'हो' आणि 'बरं' या दोन शब्दांपलीकडे त्यांनी माझ्या तोंडून फारसे काही ऐकले नव्हते. अशी मुलगी भाषण करणार म्हणजे नवलच! ते नवल त्यांच्यापेक्षा मला अधिक वाटत होते.

वाचकमित्रहो, मला कमी ऐकू येते. डाव्या कानाने मुळीच नाही. उजव्या कानाने यंत्र लावल्यावर बऱ्यापैकी. हे साधे वाक्य चारचौघांत मांडायला मला चौदा वर्षे लागली. त्या चौदा वर्षांत मी ते वाक्य कुठे आणि कसे लपवले, त्याची ही हकीकत आहे.

आमचे गाव आरमोरी तालुक्यात, जंगलाला अगदी लागून आहे. घरी दोन एकर धानाची शेती. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपाने, पावसाळ्यात रोवणी. बाबा चौथी शिकलेले, आई दुसरी आणि आजी अंगठा उठवणारी. २०११ साली, मी पाच वर्षांची असताना, ऐन रोवणीत मला ताप आला. दोन दिवस घरगुती उपायांत गेले. तिसऱ्या दिवशी मी डोळे फिरवले तेव्हा बाबांनी चिखलाच्या पायांनीच मला दवाखान्यात नेले. मेंदूज्वर निघाला. जीव वाचला. घरी आल्यावर आजीने माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या आणि सगळे पुन्हा रोवणीला लागले. ताप जाताना काय घेऊन गेला, ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

पुढे मला समजावून सांगण्यात आले ते असे. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार केसासारख्या सूक्ष्म पेशी असतात. मेंदूच्या आवरणाची सूज त्या शंखापर्यंत पोचली तर त्या पेशी मरतात. धानाचा पऱ्हा करपला तर दुसरा टाकता येतो, परंतु या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मराठीत 'ही ऐकत नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, हिला ऐकू येत नाही. दुसरा, ही हट्टी आहे. माझ्या वाट्याला दुसरा अर्थ आला. घरी धपाटे मिळाले, शाळेत छड्या. शाळेत मी उंच म्हणून मागच्या रांगेत बसत असे आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवीत. मी फळा वाचून शिकले. तेव्हाच मला एक शोध लागला. 'नाही' म्हटले की पुढचा प्रश्न येतो, आणि 'काय?' म्हटले की वर्ग हसतो. 'हो' म्हटले की मात्र समोरचा माणूस समाधानाने निघून जातो. त्या वयात मला तो चमत्कारच वाटला. मी सर्वांनाच 'हो' म्हणू लागले.

२०१९ साली तालुक्याच्या ठिकाणी तपासणीचे शिबिर झाले आणि तेथून मला नागपूरला पाठवण्यात आले. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा एस. टी.चा तो प्रवास मला अजून आठवतो. कारण मी आणि बाबा दिवसभर एकमेकांशेजारी बसलो होतो आणि एक शब्दही बोललो नव्हतो. बोलून उपयोग नाही असे त्यांना वाटत होते, आणि मला वाटत होते की ते रागावले आहेत. एका बंद खोलीत बसवून माझ्या कानांवर टोप्या चढवल्या आणि हातात एक बटण दिले. आवाज आला की दाबायचे. मी फसवायचा प्रयत्न केला. बाहेरच्या ताईंचा हात हलला की मी बटण दाबत असे. त्यांनी हसून माझी खुर्ची भिंतीकडे वळवली.

मग त्यांनी आलेख दाखवला. उजव्या कानासाठी तांबडे गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. डाव्या कानाच्या फुल्या तळाला जाऊन बसल्या होत्या. उजव्या कानाचे गोल ६५ डेसिबलच्या आसपास होते. माणसे समोरासमोर बसून जे साधे बोलतात ते सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणजे जगाचे बोलणे माझ्या दाराच्या उंबरठ्याखालून निघून जात होते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलपर्यंत ऱ्हास असला तर कमी ऐकू येणारा आणि ७० च्या वर असला तर बधिर, अशी व्याख्या आहे, हेही तेव्हाच कळले. बाबांना आलेख समजला नाही. पण ताईंनी जेव्हा सांगितले, "ही हट्टी नाही हो, हिला ऐकूच येत नाही," तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. परतीच्या गाडीत त्यांनी मला दोन केळी घेऊन दिली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले. तेव्हापासून आजपर्यंत ते माझ्या डाव्या बाजूला बसलेले नाहीत.

१९८१ पासून केंद्र सरकारची एक योजना आहे. तिच्यातून जानेवारी २०२० मध्ये मला यंत्र मोफत मिळाले. कानामागे अडकवायचे, शेंगदाण्याएवढे. त्याची नळी कानात बसवलेल्या साच्यात जाते. हा साचा ज्याच्या त्याच्या कानाचे माप घेऊन बनवतात. आजीने तो पाहिला आणि म्हणाली, "कानात खडा काहून घातला वं?" तेव्हापासून आमच्या घरी यंत्राचे नाव 'खडा' पडले. "खडा घातला का?" असे विचारल्याशिवाय आई मला घराबाहेर जाऊ देत नाही.

यंत्र लावले की चष्म्यासारखे सारे स्वच्छ होते, असा अनेकांचा समज आहे. माझाही होता. पहिल्या दिवशी मी घाबरून गेले. चुलीतल्या काटक्या, आईच्या बांगड्या, कोंबड्यांची नखे, माझ्याच जेवणाचा आवाज, सगळे एकदम अंगावर आले. कानाच्या कामातले अर्धे काम नको ते सोडून देण्याचे असते, आणि माझे यंत्र आवाज मोठा करते, त्यातले हवे ते निवडून देत नाही. शिवाय जे मुळातच गेले आहे ते यंत्रालाही आणता येत नाही. मला स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, क ही बारीक आवाजाची व्यंजने निसटतात. त्यामुळे 'सात' आणि 'आठ' हे दोन्ही मला 'आ' असेच ऐकू येतात. एकदा मैत्रिणीने गाडी साडेसातला आहे म्हणून सांगितले आणि मी साडेआठला थांब्यावर गेले. गाडी एव्हाना वडसा ओलांडून गेली होती.

राहिलेले मी ओठांवरून वाचते. पण ओठही फसवतात. प, ब आणि म हे तिन्ही ओठ मिटूनच म्हणावे लागतात. आरशासमोर उभे राहून आवाज न करता 'मामा' आणि 'बाबा' म्हणून पाहा. काही फरक दिसतो का? मला यंत्र मिळाले आणि दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. पुढे शाळा उघडली तेव्हा सगळ्यांची तोंडे झाकलेली होती. कान मिळाले तर ओठ गेले! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. त्या वर्षी मी इतके 'हो' म्हटले असतील की त्याची गणती नाही.

या खड्याचे लाडही फार. त्याचा सेल बटणाएवढा असतो आणि त्यावर एक रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जिवंत होतो. एकदा जिवंत झाला की वापरा वा न वापरा, तो संपतच जातो. माझ्या धाकट्या भावाला त्या नारिंगी पट्ट्या फार आवडल्या. त्याने एका दुपारी सहाच्या सहा सेलांच्या पट्ट्या काढून आपल्या वहीवर फुलासारख्या चिकटवल्या. आमच्याकडे हे सेल मिळत नाहीत, नागपूरहून आणावे लागतात. दोन महिन्यांचे ऐकणे त्याच्या वहीवर डकवले गेले. आईने त्याला मारायला हात उगारला, पण फूल खरोखरच चांगले जमले होते.

घाम आणि पाऊस हे दोन्ही खड्याचे वैरी. रात्री तो ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावा लागतो. म्हणजे रात्री मी पूर्ण बहिरी. आणि त्याच्याजवळ काही आले की तो शीळ घालतो. आजीने मला जवळ घेतले की शीळ वाजते. सुरुवातीला ती दचकून मागे सरकत असे. आता म्हणते, "तुह्या खड्याले बी लाड समजते."

आपल्या भाषेने कानाला किती कामे दिली आहेत! कान भरतात, कान फुंकतात, कान टवकारतात. भिंतीलाही कान असतात. या कानाने ऐकावे आणि त्या कानाने सोडून द्यावे, असा शहाणपणाचा सल्ला मला एका बाईंनी दिला होता. पण मला सोडून द्यायला दुसरा कानच नाही. जे ऐकते ते आतच राहते. म्हणूनच असेल, गाडीत एक आजीबाई मला म्हणाल्या, "आजकालच्या पोरी, कानात गाणी घालून बसतात, म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायचं नाव नाही," ते मला अजून टोचते. त्यांनी मला हाक मारली असणार. मी तेवढेच ऐकले नव्हते. मी उठून जागा दिली, पण ते गाणे नव्हे, हे सांगितले नाही. चष्मा लावणारी मुलगी अभ्यासू ठरते आणि यंत्र लावणारी बिचारी ठरते. बिचारी होण्यापेक्षा मला उद्धट ठरणे बरे वाटले. केस कानांवरून सोडून मी यंत्र झाकीत असे.

मला मनापासून मोकळे वाटे ते एकाच ठिकाणी, आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. आपल्या भागातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव दूरवर गेले, पण आम्हाला ती पूर्वीपासूनच आपली वाटत होती. तिथला नट शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा म्हणून तोंड उघडून, समोर पाहून, शब्द तोडून बोलतो. त्याच्या तोंडावर प्रकाश असतो. पुढे बसले की मला जवळजवळ सगळे कळते. हा माणूस माझ्यासाठीच बोलतो आहे असे वाटते. रोजच्या जगातही माणसे अशी बोलली असती तर!

तर वक्तृत्व स्पर्धा. माझे नाव यादीत लागले तेव्हा सरांकडे जाऊन "सर, मला प्रश्न ऐकूच आला नव्हता" एवढे सांगितले असते तर काम झाले असते. मला ते जमले नाही. त्यापेक्षा भाषण पाठ करणे सोपे वाटले. पाच मिनिटांचे भाषण मी शेतात, गोठ्यात, नदीवर म्हणून म्हणून घोटले. स्पर्धेच्या दिवशी सभागृहात उभी राहिले आणि बोलू लागले. चौथ्या मिनिटाला सूचनेची घंटा झाली, पाचव्याला दुसरी. दोन्ही मला ऐकू आल्या नाहीत. घाबरून मी इतकी सावकाश बोलत होते की भाषण अर्ध्यावरच होते. तिसरी घंटा झाली तेव्हा समोरची मुले हसू लागली. मला वाटले, माझा विनोद जमला! मी उत्साहाने आणखी दोन मिनिटे बोलले. शेवटी सर स्वतः उठून व्यासपीठाजवळ आले तेव्हा मी थांबले. त्या रात्री मी खडा डबीत ठेवला तो आठ दिवस काढला नाही.

जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली. बाबा आमटे यांनी १९४९ साली उभे केलेले आनंदवन कुष्ठरोग्यांसाठी आहे एवढेच मला माहीत होते. तेथे मूकबधिर मुलांची शाळाही आहे हे प्रत्यक्ष गेल्यावर कळले. त्या शाळेतल्या काही मुली हातांनी भराभर बोलत होत्या. मला त्यांची भाषा येत नव्हती. ऐकणाऱ्यांत मी बहिरी होते आणि तेथे तर मुकीही झाले. परंतु एक गोष्ट मी पाहिली. माझे काही समजले नाही की त्या मुली लगेच भुवया आक्रसत आणि हाताने विचारीत, काय? पुन्हा सांग. दहा वेळा विचारीत. एकीनेही खोटी मान डोलावली नाही. न समजण्याची त्यांना लाज वाटत नव्हती. मी ते पाहिले, मला ते आवडले, आणि परत येताना गाडीत शेजारणीने काही विचारले तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "हो."

मग चैत्र आला.

मोह पहाटे पडतो. अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघावे लागते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्यांना वाघाविषयी मी वेगळे सांगायला नको. वेचणारा माणूस वाकलेला असतो, मान खाली असते. म्हणून बाया घोळक्याने जातात आणि वेचताना सारख्या एकमेकींना हाका मारतात. आपल्याकडच्या जंगलात कान हेच मोठे हत्यार आहे. वानर खाकरले, चितळ ओरडले, की हात थांबतात.

त्या दिवशी मी आईपासून थोडी पुढे होते. खडा कानात होता. मला आवाज आला, आईचाच. शब्द कळले नाहीत. आणि तो कोठून आला तेही कळले नाही. आवाज बाजूने आला तर एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. एका कानाच्या माणसाला सगळे आवाज एकाच बाजूने आल्यासारखे वाटतात. मला वाटले, आई पुढच्या झाडाखाली बोलावते आहे. मी ओरडून म्हणाले, "हो!" आणि पुढे निघाले.

दहा-बारा पावले गेले असेन. मागून आईने माझा दंड धरला आणि मला अक्षरशः ओढत नेले. सगळ्या बाया एकत्र झाल्या होत्या आणि डबे वाजवीत होत्या. नाल्याच्या बाजूला वानरे ओरडत होती, असे मला नंतर सांगितले गेले. आई मला "पुढे नको जाऊ" असे म्हणाली होती. मी तिला 'हो' म्हणून पुढेच गेले होते. वाघ कोणी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी वनरक्षकांनी नाल्यात पायाचे ठसे असल्याचे सांगून त्या भागात जायला मनाई केली.

गावाच्या वाटेवर आई खाली बसली. तिचे हात कापत होते. ती रागावली नाही. माझ्या उजव्या बाजूला तोंड आणून ती म्हणाली, "आयकू नाई आलं तं नाई म्हनाचं. हो काहून म्हनली वं तू? तू हो म्हनली म्हनून मी थांबली ना!"

तू हो म्हणालीस म्हणून मी थांबले. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझा 'हो' फुकटचा आहे, त्याने कोणाचे काही बिघडत नाही, फार तर माझे बिघडेल, असे मी चौदा वर्षे समजत होते. परंतु 'हो' ऐकले की समोरचा माणूस आपले काम झाले असे मानतो आणि थांबतो. मला सावध करणाऱ्या, शिकवणाऱ्या, माझी चौकशी करणाऱ्या कितीतरी माणसांना मी त्या एका अक्षराने परत पाठवले होते. सगळे मला टाळतात, हे माझे गाऱ्हाणे होते. त्यातल्या काहींना मीच दारातून वळवले होते.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. खरोखरीचा तर होताच, पण हा दुसरा.

जुलैत महाविद्यालय उघडल्यावर मी पहिल्यांदा सरांकडे गेले आणि गेल्या वर्षीच्या दोन्ही 'हो सर'ची कबुली दिली. सर अवाक् झाले. मग खूप हसले, आणि मग गंभीर झाले. त्यांनी मला बेथोवनची हकीकत सांगितली. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात त्याच्या नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग झाला तेव्हा तो जवळजवळ पूर्ण बहिरा झाला होता. लोक टाळ्या वाजवीत होते आणि तो त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. तेव्हा एका गायिकेने त्याला हाताला धरून लोकांकडे वळवले, असे सांगतात. सर म्हणाले, "त्या बाईला ठाऊक होते म्हणून तिने वळवले. आम्हाला ठाऊक नसेल तर आम्ही काय करणार?"

या वर्षी ऑगस्टमध्ये मी पुन्हा स्पर्धेत नाव दिले, या वेळी प्रश्न नीट ऐकून. आधीच संयोजकांना सांगितले की मला घंटा ऐकू येत नाही. त्यांनी पहिल्या रांगेत एका मुलीला पांढरा रुमाल देऊन बसवले. रुमाल हलला तेव्हा मी समारोप केला आणि पाच मिनिटांच्या आत खाली उतरले. बक्षीस मिळाले नाही. माझे 'स' आणि 'श' अजून नीट येत नाहीत, असे परीक्षकांनी मोकळेपणाने सांगितले. ते मला पहिल्या वेळी ऐकू आले नाही. मी त्यांना पुन्हा सांगायची विनंती केली.

मित्रमैत्रिणींनो, माझ्यासारखे आणखीही कोणी तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असतील. आजी-आजोबा तर असतीलच. त्यांच्याशी बोलताना आधी त्यांचे लक्ष वेधा, उजेडात समोर उभे राहा आणि मग बोला. ओरडू नका. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि यंत्रात आवाज फाटतो. जवळ या. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून मी पहिला बाक अडवून बसते, त्याचा राग धरू नका. एकदा सांगून समजले नाही तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि कृपा करून "जाऊ दे, काही नाही" असे म्हणू नका. सगळे हसत असताना आपण "काय झाले?" विचारावे आणि उत्तर यावे, "काही नाही," यासारखे दुःख दुसरे नाही. त्या वेळी वाटते, जे झाले ते सर्वांचे आहे, फक्त माझे नाही.

आणि माझ्यासारख्यांना एवढेच सांगते की हे सारे लोकांनी आपणहून करावे म्हणून वाट पाहत बसू नका. त्यांना कळणार कसे? आपले न ऐकणे दिसत नाही. मी आता वेणी घालते. यंत्र दिसते. दिसले की माणसे निदान विचारतात.

परवा रात्रीची गोष्ट. खडा डबीत ठेवून मी अंथरूण घालत होते. आईचे ओठ हलले. दिव्याकडे तिची पाठ होती. जुन्या सवयीने मान हलणारच होती. मी म्हणाले, "आयकू नाई आलं. इकडं ये." ती दिव्याच्या बाजूला आली, माझ्यासमोर बसली आणि सावकाश म्हणाली, "मोह पडाले लागला. येतं का वेचाले? माह्या हाताला धरून राहाचं."

सगळे शब्द मला दिसले. मग मी 'हो' म्हणाले.